खात्यात पैसे दिसले म्हणून अनुदान बंद होतं का? श्रावणबाळ, निराधार, लाडकी बहीण आणि घरकुलासाठी बचतीचा हिशोब

निराधारचं अनुदान जमा झालं की जिल्हा बँकेच्या शाखेपुढे रांग लागते. रांगेतली बरीच म्हातारी माणसं आलेले सगळे पैसे त्याच दिवशी काढून घेतात. विचारलं तर सांगतात, "खात्यात पैसे दिसले की नाव कटतंय." मग ती रक्कम घरात डब्यात पडून राहते. तिथे तिला व्याज नाही, आणि नातू मागेल तेव्हा ती संपते.

ही भीती चुकीची आहे. खाली ज्या योजनांबद्दल लिहिलं आहे, त्यांपैकी एकाही योजनेत "खात्यात अमुक रकमेपेक्षा जास्त शिल्लक नको" अशी अट नाही. ब्रिटनमध्ये आहे. तिथल्या युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी मदत योजनेत सोळा हजार पौंडांच्या वर बचत असेल तर मदत मिळत नाही, आणि सहा हजारांपासून पुढे थोडी थोडी कापली जाते. आपल्याकडे तपासणी दोन वाटांनी होते. बचतीतून वर्षाला उत्पन्न किती येतं, ही एक. त्या बचतीचं तुम्ही काय घेतलं, म्हणजे जमीन, गाडी की ट्रॅक्टर, ही दुसरी. माणसं अडकतात ती या दोन ठिकाणी.

मर्यादा किती आणि ती कितपत खरी

संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना यांत नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत हवं, नाहीतर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. निराधार ६५ वर्षांच्या आतल्यांसाठी, श्रावणबाळ ६५ आणि पुढच्यांसाठी. महाराष्ट्रात १५ वर्षं राहत असल्याचा पुरावा दोन्हींना लागतो. अनुदान महिना १,५०० रुपये. दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा ५०,००० आहे आणि ऑक्टोबर २०२५ पासून त्यांची रक्कम २,५०० झाली.

वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होती. घरातल्या एकानेच शंभर दिवस काम केलं तरी ३१,२०० होतात. म्हणजे सरकारी कामावर सरकारी दराने शंभर दिवस राबणारं कुटुंब सरकारच्याच व्याख्येत निराधार राहत नाही. ही मर्यादा कधीच बदलायला हवी होती. पण आज तीच लागू आहे, म्हणून इथे व्याजाचे पाचशे-हजार रुपयेसुद्धा मोजून पाहावे लागतात.

लाडकी बहीण योजनेत कुटुंबाची मर्यादा अडीच लाख आहे. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुलं. पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला लागत नाही. अडीच लाख नुसत्या व्याजातून यायला सात टक्क्यांनी साधारण पस्तीस लाखांची ठेव लागेल. त्यामुळे बचतीची काळजी या योजनेत सोडून द्या. तिथे नडते ती चारचाकी आणि घरातला आयकर. चारचाकीकडे पुढे येऊ.

मुद्दल उत्पन्न नाही, व्याज उत्पन्न आहे

ठेवीची मुदत संपली आणि दोन लाख खात्यात आले, तर ते दोन लाख उत्पन्न नव्हे. तुमचाच पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात आला. पीककर्ज उत्पन्न नाही, उसने आणलेले पैसेही नाहीत. वर्षभर न काढलेलं अनुदान साचून १८,००० झालं तर तेही नवं उत्पन्न होत नाही. त्यावर अडीच टक्क्यांनी वर्षाला जे साडेचारशे रुपये येतील, तेवढंच धरायचं.

ठेवीचं व्याज मात्र पूर्ण धरायचं. दर महिन्याला हातात न येता मुदतीअंती एकदम मिळणार असेल, तरी बँक ते दरवर्षी तुमच्या नावावर मांडते. आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात ते दिसतं. "अजून घेतलं नाही" हे उत्तर तिथे चालत नाही.

आता आकडे. सात टक्के साध्या व्याजाने २१,००० ची रेषा तीन लाखांच्या ठेवीवर गाठली जाते, दिव्यांगांची ५०,००० ची साधारण सव्वासात लाखांवर. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत ७.४ टक्के मिळतात, तिथे रेषा पावणेतीन लाखांच्या जरा वर येते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर ८.२ टक्के, म्हणून तिथे ती अडीच लाखांच्या पुढे लगेच येते. आणि हे सगळं घरात दुसरं काहीच उत्पन्न नाही असं धरून. एक एकर रान असलं तरी हे आकडे खाली येतात.

समजा, परतूर तालुक्यातली ६७ वर्षांची एकटी विधवा. जिरायत रानाचं निव्वळ उत्पन्न ८,००० धरलं. बचत खात्यात ४०,००० आहेत, त्याचं व्याज १,०००. दीड लाखाची ठेव सात टक्क्यांनी, तिचं व्याज १०,५००. एकूण १९,५००. श्रावणबाळ मिळतं. मग कुणीतरी सल्ला देतं, "बाई, पोस्टात ज्येष्ठांना जास्त व्याज आहे, तिकडं टाका." दीड लाख तिकडे गेले, व्याज झालं १२,३००, आणि एकूण २१,३००. तीनशे रुपयांनी मर्यादा ओलांडली. १,८०० रुपये व्याज वाढलं आणि १८,००० चं अनुदान धोक्यात आलं. त्याऐवजी १,२०,००० ज्येष्ठ योजनेत आणि ३०,००० बचत खात्यात ठेवले तर व्याज ९,८४० अधिक ७५० होतं, आणि एकूण १९,५९० वर थांबतं. अडल्यानडल्याला हातात पैसेही राहतात. यात लपवाछपवी काही नाही. आपला पैसा कुठे ठेवायचा हे आपणच ठरवतो, फक्त ठेवण्याआधी बेरीज करायची.

मुलाचा पैसा आईच्या नावावर

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा गावी येतो आणि आपले तीन लाख आईच्या नावाने ठेवतो, कारण ज्येष्ठांना अर्धा टक्का जास्त मिळतो. तीन लाखांवर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला १,५००, आईच्या एका महिन्याच्या अनुदानाएवढे. ते मिळवायला बारा महिन्यांचं अनुदान पणाला लागतं, कारण कागदावर व्याज आईचं झालं. पैसा मुलाचा होता हे सांगून उपयोग नाही, पॅन तिचा लागलेला असतो.

संयुक्त ठेवीत बँक व्याज साधारण पहिल्या नावावर दाखवते. म्हणून नुसती सोय म्हणून नाव घालायचं असेल तर आईचं दुसरं घाला. तेवढं नको असेल तर वारस (नॉमिनी) म्हणून नोंदवा. वारसनोंदीने उत्पन्न वाढत नाही.

व्याजावर कर कापला जाऊ नये म्हणून बँकेत फॉर्म दिला जातो; मार्च २०२६ पर्यंत तो साठीच्या आतल्यांना १५जी आणि साठीपुढच्यांना १५एच असा होता. २०२५-२६ मध्ये एका बँकेतलं व्याज वर्षाला ५०,००० आणि ज्येष्ठांना एक लाखाच्या पुढे गेलं तरच कर कापतात, म्हणून २१,००० च्या आसपास असणाऱ्यांना त्याची गरज पडत नाही. फॉर्म भरला म्हणजे व्याज लपलं, असाही समज आहे. तो फॉर्म फक्त कपात थांबवतो. व्याजाची नोंद राहतेच.

बचत गटाचं वेगळं आहे. गटाचं खातं गटाच्या नावाने असेल तर त्यातली शिल्लक अध्यक्ष-सचिवाची धरली जात नाही. पण काही गट सोयीसाठी सचिव बाईंच्या वैयक्तिक नावाने ठेव करतात. ती मोडा आणि गटाच्या नावाने करा, कारण पूर्ण व्याज तिच्या एकटीच्या माथी येतं.

बीड-जालन्याकडे पतसंस्थांमध्ये ठेवी अडकलेली कुटुंबं खूप आहेत. जे व्याज मिळालंच नाही, ते हातचं उत्पन्न नाही. पण तलाठ्याने विचारलं तर तोंडी सांगून भागत नाही. ठेवपावतीची झेरॉक्स, पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत आणि व्याज शेवटचं कधी जमा झालं ते दाखवणारं पासबुकाचं पान, एवढं एकत्र ठेवा.

एकरकमी मदत आली तर

शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात पात्र कुटुंबाला एक लाखाची मदत मिळते. ३०,००० हातात येतात आणि ७०,००० मासिक प्राप्ती योजनेत ठेवले जातात. ७.४ टक्क्यांनी त्याचं वर्षाचं व्याज ५,१८०. एवढ्याने निराधारची मर्यादा मोडत नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे दोन लाख ठेवीत टाकले तर १४,००० होतात. घरात दुसरं काही नसेल तर हेही बसतं, पण कडेला.

वीज पडून मृत्यू झाला तर वारसांना चार लाख मिळतात. मराठवाड्यात पावसाळ्याच्या आधी आणि परतीच्या पावसात अशी प्रकरणं दरवर्षी असतात. चार लाख सात टक्क्यांनी म्हणजे २८,०००. विधवेला मिळालेली मदतच तिला विधवा म्हणून मिळणाऱ्या अनुदानाच्या बाहेर ढकलते. ही अडचण पहिल्या वर्षी दिसतही नाही, कारण उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर निघतो आणि त्या वर्षी व्याज आलेलंच नसतं. पुढच्या तपासणीत ती उभी राहते.

अशा वेळी सगळी रक्कम एकदम ठेवीत टाकू नका. आधी सावकाराचं आणि दुकानदाराचं देणं फेडा. त्याचा दर महिना दोन-तीन टक्के असतो, कुठल्याच ठेवीला तेवढा नाही. उरलेल्या रकमेची वर दाखवली तशी बेरीज करा. लेकरांच्या नावाने ठेव करणं चांगलंच आहे, पण अल्पवयीन मुलांचं व्याज कुटुंबाच्याच उत्पन्नात येतं. त्याने मर्यादेचा प्रश्न सुटत नाही.

बचतीचं काय घेतलं

सोनं घेतलं तर या योजनांमध्ये कुणी विचारत नाही. गाडी घेतली तर विचारतात. जुनी, सेकंडहँड, दीड लाखाची ओम्नी असली तरी ती चारचाकीच. लाडकी बहीण बंद, पिवळ्या-केशरी कार्डावरही गदा. केशरी कार्डाला टॅक्सीचालकांची सूट आहे, घरच्या गाडीला नाही.

ट्रॅक्टरचं गंमतीशीर आहे. लाडकी बहीण योजनेत ट्रॅक्टरला सूट आहे. घरकुलाच्या यादीत तोच ट्रॅक्टर नाव उडवतो, कारण तिथे तीन किंवा चार चाकांचं यांत्रिक शेती अवजार अपात्र करतं.

घरकुल योजनेचे, म्हणजे ग्रामीण आवासचे निकष २०२४ मध्ये सैल झाले. मोटारसायकल, फ्रीज, घरचा फोन आता आड येत नाहीत, आणि घरातल्या एकाची महिन्याची कमाई दहाऐवजी पंधरा हजारांपर्यंत चालते. पण तीन गोष्टी मराठवाड्यात नेमक्या नडतात: अडीच एकर किंवा जास्त बागायत, पाच एकर किंवा जास्त जिरायत, आणि ५०,००० किंवा त्याहून जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड. शेवटची अट वाचून लोक चक्रावतात, कारण ते कर्ज आहे, बचत नाही. तरीही यंत्रणा मर्यादा बघते, उचल बघत नाही. बँकेने ९०,००० मंजूर केले आणि तुम्ही ३०,०००च उचलले, तरी आकडा ९०,००० चाच. घरकुलाचं सर्वेक्षण तोंडावर असेल तर नूतनीकरणाच्या वेळी गरजेपुरतीच मर्यादा मागा.

साडेचार एकर जिरायतवाल्याने साठवलेल्या पैशातून शेजारचं एक एकर घेतलं की सातबाऱ्यावर साडेपाच होतात आणि घरकुल जातं. घर आधी, रान नंतर, असा क्रम लावता आला तर बघा.

पिवळ्या कार्डाची मर्यादा वर्षाला १५,०००, आणि जमीन दोन हेक्टर जिरायत, एक हेक्टर हंगामी बागायत किंवा अर्धा हेक्टर बारमाही बागायतीपेक्षा जास्त नको. दुष्काळी तालुक्यांत याच्या दुप्पट चालते. आपला तालुका त्या यादीत आहे का, हे पुरवठा शाखेत विचारा. प्राधान्य कुटुंब म्हणून धान्य मिळण्याची मर्यादा गावात ४४,००० आणि शहरात ५९,०००. केशरी एक लाखापर्यंत. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या पात्र शेतकरी कुटुंबांना धान्याऐवजी माणशी महिना १७० रुपये खात्यात येतात. तेवढ्यासाठीही कार्ड केशरीच राहायला हवं.

गाडी विकली असेल तर आरसी बुक नव्या मालकाच्या नावावर झालं का ते आधी बघा. नमुना २९ आणि ३० वर सह्या करून एजंटच्या हातात दिले आणि विसरले, असं झालेलं असतं. आरटीओच्या नोंदीत एमएच-२३ ची ती गाडी अजून तुमचीच असते, आणि तपासणीत तीच निघते. परिवहनच्या ॲपवर गाडी क्रमांक टाकून खात्री होते.

दाखला काढताना

उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात. अर्ज सेतूत किंवा आपले सरकार केंद्रात होतो. आधार, रेशन कार्ड, सातबारा, आठ-अ, स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याचा अहवाल लागतो. वैधता ३१ मार्चपर्यंत असते. फेब्रुवारीत काढलेला दाखला दीड महिन्यात कागदाचा तुकडा होतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये काढा.

तलाठ्याकडे जायच्या आधी एका कागदावर शेती, मजुरी, व्याज, भाडं आणि घरातल्या इतरांची कमाई वेगवेगळी लिहा. पासबुक भरून घ्या आणि वर्षभरातली व्याजाची प्रत्येक नोंद पेन्सिलने खूण करून बेरीज करा. बचत खात्याचं व्याज साधारण तीन महिन्यांनी पडतं, ठेवीचं वेगळं येतं. कार्डावर जेवढी नावं तेवढं कुटुंब, असंच बहुतेक ठिकाणी धरतात. मुलगा खरोखर वेगळा राहत असेल तर कार्ड आधी विभक्त करून घ्या. चूल एक आणि कार्डं दोन असतील तर पंचनाम्यात उघडं पडतं.

एकाच घराचे दोन आकडे ही नेहमीची चूक. जूनमध्ये मुलाच्या ईडब्ल्यूएससाठी (आर्थिक दुर्बल घटक) दोन लाख चाळीस हजारांचा दाखला आणि जुलैमध्ये आजीच्या श्रावणबाळसाठी वीस हजारांचा. दोन्ही त्याच तहसीलच्या संगणकात असतात. कर्जाच्या अर्जात फुगवून लिहिलेलं उत्पन्नही असंच उलटतं.

कर्जासाठी आयकर विवरणपत्र भरलं असेल पण कर शून्य असेल, तर त्याची पोचपावती जपून ठेवा. पीएम किसानमध्ये अपात्र होतो तो मागच्या आकारणी वर्षात कर भरलेला माणूस. नुसतं विवरणपत्र भरणारा नाही. दोन्ही एकच समजून हप्ता अडला तर शून्य कर दाखवणारा तोच कागद पुढे करायचा.

सत्तरीच्या पुढच्यांना मोफत उपचाराच्या आयुष्मान वय वंदना कार्डासाठी उत्पन्न-बचत काहीच पाहत नाहीत, आधार पुरे. ते लगेच काढून घ्या.

अनुदान थांबलं तर

आधी बँक तपासा. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात नाही, आधारशी शेवटच्या जोडलेल्या खात्यात जातात. दुसऱ्या बँकेत नवं खातं उघडताना आधार दिलं आणि अनुदान तिकडे वळलं, असं सर्रास होतं. मोबाइलवरून *९९*९९*१# लावून किंवा आधारच्या संकेतस्थळावर कोणतं खातं जोडलेलं आहे ते दिसतं. लाडकी बहीणसाठी खातं एकटीच्या नावाचं लागतं, संयुक्त चालत नाही. आणि निराधारचे १,५०० चालू असतील तर लाडकी बहीण मिळत नाही. पीएम किसान आणि नमो शेतकरीचे मिळून वर्षाला १२,००० घेणाऱ्या बाईला फरकाचे महिना ५०० मिळतात.

खातं बरोबर असेल तर तहसीलच्या संजय गांधी शाखेत लेखी अर्ज द्या: कोणत्या महिन्यापासून थांबलं, कोणत्या कारणाने, आणि कोणत्या नोंदीवरून. तोंडी विचारू नका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. हयातीचा दाखला राहिला असेल तर तो त्याच दिवशी देऊन टाका, बऱ्याच वेळा एवढंच निघतं. उत्तर नाही आलं तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही लागत नाही, फक्त पुरावा जोडायचा. तीस दिवसांत माहिती द्यावी लागते, न दिल्यास पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

कारण "उत्पन्न जास्त" असं आलं आणि ते व्याजामुळे असेल, तर बँकेकडून व्याजाचं प्रमाणपत्र मागा. त्यात व्याज आणि मुद्दल वेगळं लिहिलेलं असतं. मुदत संपून जमा झालेली रक्कम उत्पन्नात धरली गेली असेल तर ती या कागदावर उघड होते, आणि दुरुस्त दाखल्यासाठी हाच कागद तलाठ्याला द्यायचा. व्याज खरंच मर्यादेबाहेर गेलं असेल तर ठेवीची मांडणी बदलून पुढच्या एप्रिलमध्ये नवा दाखला काढा आणि पुन्हा अर्ज करा. मधल्या काळात खोटं स्वयंघोषणापत्र देऊ नका. पकडलं गेलं तर घेतलेली रक्कम वसूल होते, गुन्हाही दाखल होऊ शकतो, आणि वसुलीची नोटीस साठवलेल्या त्याच पैशांवर येते.